एकशे तीस भोकं

सकाळी ७.१०

नालासोपारा स्टेशन. वेताच्या खुर्च्या विणणारे मामा फलाटावरच्या नेहमीच्या खांबापाशी उभे आहेत. त्यांचा आजचा दिवस बघायला मी बरोबर आहे. दिव्यांगांचा डबा तिथंच येतो. खांद्याला दोन पिशव्या. एकीत डबा आणि पाण्याची बाटली. दुसरीत हत्यारं: एक दाभण, लहान पक्कड, कात्री, तासून गुळगुळीत केलेल्या चाळीसेक लाकडी खुंट्या, सायकलच्या ट्यूबचे कापलेले तुकडे. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या वेताच्या दोन जुड्या. उजव्या हातात पांढरी काठी.

चौथ्या वर्षी मामांना देवी आल्या, त्यात डोळे गेले. गाव कुडाळजवळ. मुंबईला अंधांच्या शाळेत आले आणि तिथं वेतकाम शिकले. त्या काळी अंध मुलांना हे काम हमखास शिकवत. शहरात वेताच्या खुर्च्या भरपूर होत्या. कोर्टात, रेल्वेच्या कचेरीत, कलेक्टरकडे. बसायची जागा, म्हणजे बसका, फाटला की विणणारा लागायचा. मामांनी दहा-बारा वर्षं अशा कचेऱ्यांचं काम केलं. मग त्या कचेऱ्यांत फोमच्या आणि प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. आता काम मिळतं ते जुन्या फर्निचरच्या बाजारात.

सकाळी ८.१५

जोगेश्वरी पश्चिम. शेअर रिक्षा, माणशी वीस रुपये. ओशिवऱ्याच्या रिलीफ रोडला उतरायचं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाळे. दारं, खिडक्या, पलंग, आरसे, कपाटं, एकावर एक रचलेली टेबलं. मुंबईत इमारत पाडायला निघाली की तिच्यातलं जे नव्या घरात मावणार नाही ते टेंपोत बसून इथं येतं. गाळ्यांचा वास आधी येतो. स्पिरिट, भुसा, दमट कापूस. मामा त्या वासावर आणि पायाखालच्या उतारावर गाळा ओळखतात. तिसरा उतार चढला की थांबतात.

"आलात मामा?" शेट आतून विचारतात. शेट रत्नागिरीचे. दोघं मालवणीत नाही, पण कोकणी हेल काढून बोलतात.

"आलो. कुठाय ती?"

सकाळी ८.३०

ती म्हणजे झुलती खुर्ची. बाजारातली माणसं तिला रॉकिंगच म्हणतात. दादरच्या एका घरातून काल रात्री आली. इमारत रिकामी होतेय, घरची मंडळी तीन वर्षांसाठी भाड्याच्या लहान जागेत चाललीत. झुलत्या खुर्चीला मागंपुढं हात हातभर मोकळी जागा लागते. तेवढी तिथं नाही. शेटनी सहा हजाराला घेतली. टेंपोचे नऊशे, हमालाचे दोनशे वेगळे.

बसक्याची जाळी मध्यभागी फाटून खाली लोंबते आहे. पाठीची जाळी दोन ठिकाणी तुटली आहे. डाव्या झुल्याचं, म्हणजे खालच्या वाकड्या पट्टीचं, पुढचं टोक फुटलेलं. बाकी सांगाडा ठणठणीत.

मामा खाली बसून खुर्ची आडवी करतात. दोन्ही तळवे लाकडावरून फिरवत नेतात. खुर्चीच्या हातापासून सुरू झालेलं लाकूड गोल वळतं, खाली उतरतं, झुला होतं, मागं लांब शेपटी सोडतं आणि पुन्हा वर चढतं. कुठंही टोकदार कोपरा नाही. कोरलेलं काही नाही. सगळं वाकवलेलं. बसक्याच्या चौकटीच्या आतल्या अंगाला मामांचं बोट थांबतं.

"इथं अक्षरं आहेत. वाचा."

मी मोबाईलचा उजेड टाकतो. लाकडात दाबलेला ठसा आहे: जे. अँड जे. कोहन. शेट गल्ल्यावरून उठून येतात. ठसा असला की खुर्चीचा भाव बदलतो.

हे लाकूड वाकवण्याचं तंत्र मिखाएल थोनेट या सुताराचं. जन्म १७९६, ऱ्हाइनकाठच्या बोपार्ड गावचा. १८४२ साली तो व्हिएन्नाला गेला. अखंड बीचचं लाकूड वाफेवर मऊ करून साच्यात वाकवायचं, वाळलं की स्क्रूने जोडायचं, ही त्याची रीत. १८५६ मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि मोराव्हियात, बीचच्या जंगलांच्या शेजारी, त्याने कारखाना काढला. आज तो भाग चेक प्रजासत्ताकात आहे. १८५९ ची त्याची १४ नंबरची खुर्ची जगभर गेली. सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुटे भाग खोक्यात भरले की एका घनमीटरमध्ये छत्तीस खुर्च्या मावत. मुंबईच्या इराणी हॉटेलांत आपण ज्यांवर बसून बन-मस्का खातो त्या याच कुळातल्या. वाकवलेल्या लाकडाची पहिली झुलती खुर्ची थोनेटने १८६० च्या सुमारास काढली. १८६९ मध्ये पेटंट संपलं आणि कोहनसारखे दुसरे कारखानदार त्याच वाटेने आले.

त्या कारखान्यांत लाकूड वाकवायचं काम पुरुषांचं. घासणं, पॉलिश आणि वेत विणणं बायकांकडे. आसपासच्या खेड्यांत घरोघरी चौकटी पोचवत आणि बायका नगावर विणून देत. मामांच्या बोटाखालची ही भोकं पहिल्यांदा भरली तीही अशाच कुणीतरी, नगाच्या भावाने.

सकाळी ९.००

भावाची बोलणी.

"मामा, रेडिमेड जाळी चिकटवा ना. रोल पडलाय माझ्याकडे. दोन तासांत मोकळे व्हाल."

"गाळा कुठाय हिला? ही भोकांची खुर्ची. जाळी बसवायची तर चौकटीत खाच पाडून गाळा मारायला लागेल. मग भोकं गेली. पुढं कुणाला हाताने विणायची झाली तरी विणता येणार नाही."

शेट ठशाकडं एकदा बघतात. "बरं. काय घ्याल?"

"भोकाला बारा. वेत माझा."

"दहा करा."

"वेताची जुडी साडेसातशेला झाली, शेट."

बारा ठरतात. मामा बोटाने भोकं मोजतात, मोठ्याने. पुढं चौतीस, मागं तीस, दोन्ही बाजूंना तेहतीस-तेहतीस. बसक्याची १३०. पाठीची १६०. एकूण २९०, म्हणजे ३,४८० रुपये. दोन दिवसांचं काम. त्यातून वेताचे हजारभर वजा. मोजणी भावासाठी असते तशी विणकामासाठीही. मधलं भोक सापडल्याशिवाय सुरुवात करता येत नाही.

सकाळी ९.२०

जुनी जाळी कात्रीने कापून निघते. खरं काम भोकांत आहे. प्रत्येकात जुन्या वेताचा कुजका तुकडा, धूळ, कुठं लाखेचं पॉलिश गोठलेलं. दाभण घालायचं, फिरवायचं, फुंकर मारायची. एका बाजूला चार भोकांत खिळे निघतात. मध्ये कधीतरी कुणी बसक्यावर प्लायवूड ठोकलं होतं. मामा पक्कडीने खिळे हळू उपसतात. लाकूड चिरलं तर भोक कायमचं जातं. या साफसफाईचे वेगळे पैसे मिळत नाहीत. तिला तास जातो.

सकाळी १०.२०

वेत बादलीत भिजतो आहे. अर्धा तास पुरे. जास्त भिजला तर काळवंडतो.

वेत हा काटेरी, वेलासारखा चढणारा ताड. आपल्याकडे आसाम, अंदमान, केरळ इथल्या जंगलांत होतो. खुर्चीला लागते ती त्याची साल. बाहेरची चकचकीत साल यंत्राने सोलून दोन-अडीच मिलीमीटर रुंदीच्या पट्ट्या काढतात. आतला गाभा टोपल्यांना जातो. चांगली साल वर्षानुवर्षं बाहेरून यायची, पण इंडोनेशियाने २०१२ पासून कच्चा वेत बाहेर पाठवणं बंद केलं. दुकानदार आता मिळेल तो माल देतो. मामा जुडी घेताना प्रत्येक पट्टीवरून नख ओढतात. पट्टीला पेरं असतात. एका दिशेने नख सरकतं, उलट्या दिशेने पेराला अडकतं. ज्या दिशेला अडकत नाही त्याच दिशेने ओढायची, नाहीतर साल तुटते. मी करून बघितलं. फरक केसाएवढा आहे.

मामा तर्जनी आणि अंगठ्यावर ट्यूबचे तुकडे चढवतात. वेताची कड ब्लेडइतकी बारीक असते.

सकाळी १०.५०

पहिला फेरा, उभा. मधल्या भोकातून मागून पुढं. खुंटी ठोकायची, पट्टी पुढच्या भोकात, खालून शेजारच्या भोकात, पुन्हा वर. चकाकती बाजू वर राहिली पाहिजे. मामा ती बोटाला गुळगुळीत लागते यावरून ओळखतात. खुंटी काढ, खुंटी लाव. ताण फार द्यायचा नाही. वेत वाळला की आपोआप आवळतो. आत्ताच ओढला तर उद्या तुटेल.

दुसरा फेरा आडवा, पहिल्याच्या वरून. तिसरा पुन्हा उभा, पहिल्याच्या किंचित उजवीकडे, दुसऱ्याच्या वरून. इथपर्यंत विणकाम नाही, नुसते थर आहेत. काम भराभर चालतं. मामा मधून मधून शेटच्या रेडिओवरच्या बातम्यांना हुंकार देतात.

दुपारी १२.१५

गाळ्याच्या मागं मिस्त्रींचं काम निघालंय. मिस्त्री गोरखपूरचे, रोजी बाराशे. फुटलेलं टोक तिरकं कापून टाकलंय. तिथं नवीन लाकूड सांधायचं, पण सरळ लाकूड चालत नाही. झुल्याचा बाक तंतोतंत पाहिजे.

लाकूड बीचच. रे रोडच्या वखारीत ते 'स्टीम बीच' म्हणून मिळतं. युरोपातून येतं. हातभर तुकड्याला चारशे रुपये. मिस्त्रींनी ते रात्रभर पाण्यात ठेवलं होतं. आता लोखंडी पाइपात आहे. पाइपाच्या एका तोंडाला कुकरमधून आणलेली रबरी नळी, दुसऱ्या तोंडाला कोंबलेली चिंधी. जाडीला इंचामागं तासभर वाफ, असा हिशेब. लाकूड सव्वा इंच. सव्वा तास झाला.

चिंधी निघते. इथून मिनिटभराचा खेळ. मिस्त्री हातमोजे घालून लाकूड ओढतात, पाठीवर पोलादी पट्टी चढवतात, दोन्ही टोकांना ती घट्ट अडकवतात आणि साच्यावर दाबतात. ही पट्टी थोनेटचीच. लाकूड वाकतं तेव्हा बाहेरची बाजू ताणली जाते आणि फाटते. आतली बाजू दबते, तिला काही होत नाही. पट्टीने बाहेरची बाजू ताणू द्यायचीच नाही, सगळं लाकूड आतल्या आत दाबायचं. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीची ही युक्ती मिस्त्री त्यांच्या उस्तादाकडून शिकले.

चर्रर्र. तुकडा फुटतो. चारशे रुपये गेले.

मिस्त्री काही बोलत नाहीत. दुसरा तुकडा पाइपात जातो. हा वाकतो. तीन शिकंजे लागतात. उद्या सकाळपर्यंत असाच राहील.

दुपारी १.३०

जेवण. मामांच्या डब्यात भाकरी, वालाची उसळ, कैरीचं लोणचं. मिस्त्रींकडे रोट्या आणि बटाट्याची भाजी. चहा शेटकडून, दोन वेळचा. कटिंग बारा रुपयांना.

खुर्च्यांच्या गोष्टी निघतात. मामा म्हणतात, त्यांच्या गावी झोपाळा होता, ही खुर्ची नव्हती. बरोबरच आहे. आपल्या घरांना माजघर, ओटी, पडवी होती आणि वर कडी लावायला तुळई होती. झोपाळ्यावर दोघं-तिघं बसत. झुलती खुर्ची एकट्याची. पारशी कुटुंबं, डॉक्टर, वकील, साहेबाच्या हाताखालचे अधिकारी यांच्याकडे ती आली. जिथं छताला कडी नाही तिथं झोका जमिनीवर उतरवलेला. तिचं मूळ अमेरिकेचं. १८ व्या शतकात तिथल्या सुतारांनी साध्या खुर्चीच्या पायांखाली पाळण्याच्या वाकड्या पट्ट्या ठोकल्या. त्यापुढं शेकर पंथाच्या लोकांनी न्यूयॉर्क राज्यातल्या माउंट लेबनॉनला बसून अशा हलक्या, साध्या खुर्च्या वर्षानुवर्षं बनवल्या आणि विकल्या.

दुपारी २.१०

चौथा फेरा. आता विणायचं. आडवी पट्टी तिसऱ्या फेऱ्याच्या वरून, पहिल्याच्या खालून. प्रत्येक जोडी वेगळी करायची, खालून पट्टी सारायची, वर घ्यायची. एका ओळीत तीस ते चौतीस वेळा. अशा तेहतीस ओळी.

मामांची मान वर असते. समोरच्या भिंतीकडे. हात खाली काम करतात. डावा हात पुढं जाऊन जोडी उघडतो, उजवा पट्टी सारतो. अधूनमधून पाण्याचा हात पट्टीवरून फिरतो. तीन ओळी झाल्या की खुंटीच्या टोकाने पट्ट्या सरळ करायच्या. डोळस कामगारांनाही या फेऱ्यात चुका होतात आणि त्या शेवटच्या फेऱ्यात कळतात, तेव्हा उशीर झालेला असतो. मामा दर ओळीला मागं बोट फिरवून बघतात. एका ओळीत थांबतात, सहा जोड्या उसवतात, पुन्हा घालतात.

दुपारी ३.४०

गिऱ्हाईक. मालिकेच्या सेटसाठी सामान गोळा करणारा तरुण. ओशिवऱ्याच्या कितीतरी गाळ्यांचं अर्धं पोट शूटिंगच्या भाड्यावर चालतं. त्याला आजोबांच्या खोलीसाठी झुलती खुर्ची हवीय.

"दिवसाचं काय?"

"अडीच हजार. पण ही परवापर्यंत नाही. विकत घेतलीत तर अठ्ठावीस हजार."

"जाळी हाताने कशाला विणताय? वर गादीच टाकणार आम्ही."

मामा ऐकतात. हात थांबत नाही. उत्तर शेटच देतात: "कोहनची आहे. गादी तुम्ही टाका, खाली जाळी हीच राहणार."

तरुण मोबाईलवर फोटो काढून जातो.

पडद्यावर ही खुर्ची म्हातारपणाची झाली, हे मला खटकतं. पुढं अमेरिकेचा अध्यक्ष झालेला केनेडी ती वापरायला लागला तेव्हा त्याने चाळिशीही ओलांडलेली नव्हती. त्याची पाठ दुखायची. डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांनी त्याला झुलत्या खुर्चीत बसायला सांगितलं. कारण साधं: झुलताना पाठीचे स्नायू आळीपाळीने आवळतात आणि सैल होतात, एकाच जागी आखडत नाहीत. नॉर्थ कॅरोलिनातल्या पी अँड पी चेअर कंपनीची ती ओकची खुर्ची. तिची पाठ आणि बसका दोन्ही वेताने विणलेलं होतं. १९९६ च्या लिलावात त्याची एक खुर्ची साडेचार लाख डॉलरच्या घरात गेली.

दुपारी ४.१५

पाचवा फेरा, तिरका. कोपऱ्यातून सुरू. उभ्या जोडीच्या खालून, आडव्या जोडीच्या वरून. बरोबर घातली तर पट्टी फटीत सरकून आपोआप बसते. चुकीची घातली तर कडेला घासते, अडकते आणि बारीक करकर आवाज येतो. मामा त्या आवाजावर काम करतात. गल्लीत ट्रक मागं घेताना हॉर्न वाजायला लागला की हात थांबवतात.

सहावा फेरा उलट्या दिशेने तिरका, आणि वर-खालही उलट. इथं भोकांत जागा उरत नाही. प्रत्येकात आधीच चार-पाच पट्ट्या आहेत. दाभणाने वाट करायची, पट्टीचं टोक तिरकं कापायचं, पक्कडीने ओढायचं. ट्यूब असूनही तर्जनीवर रक्ताचा ठिपका आलाय. मामा बोट बादलीत बुडवतात आणि पुढं जातात.

सहाव्या फेऱ्याबरोबर नक्षी उघडते. आठ बाजूंची लहान लहान भोकं, सगळी सारखी. त्यांतून वारा जातो. मुंबईच्या उकाड्यात कापसाच्या गादीपेक्षा हा बसका कितीतरी बरा, आणि सालीच्या काही थरांच्या जाडीत तो धडधाकट माणसाचं वजन पेलतो. सुंदर वस्तू खूप असतात. इतक्या कमी सामानात इतकं काम करणाऱ्या थोड्या.

संध्याकाळी ६.१०

सातवा फेरा, काठाचा. रुंद पट्टी भोकांवरून फिरवायची आणि बारीक पट्टीने एक भोक सोडून एक, खालून वर घेऊन टाके घालायचे. १३० भोकं झाकली जातात. खुर्ची उलटी करून खालच्या सैल टोकांना गाठी. गाठी ओल्या असतानाच.

तिकडे पॉलिशवाला मुलगा खुर्चीच्या हातांवर लाखेचा दुसरा हात देतोय. झारखंडच्या लाखेची चपडी स्पिरिटमध्ये विरघळवलेली, कापडात कापसाचा बोळा, गोल गोल फिरवत. बसक्याजवळ येऊ नको, मामा त्याला बजावतात. ओल्या वेताने लाख पकडली तर पांढरे डाग पडतात.

झुल्यांच्या उरलेल्या तीन टोकांना मिस्त्रींनी खडू लावून ठेवलाय. उद्या सांधा वाळला की खुर्ची सपाट लादीवर ठेवून झुलवायची. दोन्ही बाजू सारख्या टेकल्या नाहीत तर खुर्ची झुलता झुलता एका अंगाला चालायला लागते. मग कानशीने जिथं जास्त आहे तिथून कणभर काढायचं. पुन्हा झुलवायचं. हे काम यंत्राने होत नाही.

संध्याकाळी ७.००

मामा बसक्यावर दोन बोटं वाजवतात. आज आवाज बद्द आहे. उद्या दुपारी, वाळल्यावर, शेकलेल्या हलगीसारखा वाजेल.

"परवापर्यंत कुणी बसू नका," शेटना सांगतात. "दाखवायलासुद्धा नाही."

शेट १,५६० मोजून देतात. पाठीचे उद्या. मामा नोटा बोटाने चाचपतात, लांबीवरून ओळखतात, घडी घालून आतल्या खिशात ठेवतात. वेताचे तुकडे गोळा करून पिशवीत. लहान तुकडेही काठाच्या टाक्यांना लागतात.

दोन तासांत रेडिमेड जाळी बसते, असं मी म्हणतो. मामा म्हणतात, बसू दे, ज्या खुर्चीला गाळा आहे तिला तीच बरोबर. भोकांच्या खुर्चीला हात लागतो. त्यांच्याबरोबर शिकलेल्यांपैकी हे काम आता मुंबईत दोघं-तिघंच करतात. त्यांच्या मुलाने मोबाईल दुरुस्तीचं दुकान काढलंय, नालासोपाऱ्यातच.

संध्याकाळी ७.२५

रिक्षा. वीस रुपये.

तुमच्या घरात, गावाकडच्या माळ्यावर किंवा जिन्याखाली अशी खुर्ची पडली असेल तर ती उलटी करून बघा. चौकटीला भोकं असतील तर वर प्लायवूड ठोकू नका, गाळा मारू देऊ नका, नायलॉनची वायर लावू नका. भोकं मोजून ठेवा. मग तुमच्या शहरात हाताने वेत विणणारा माणूस शोधा. अंधांच्या संस्थांमध्ये विचारा, जुन्या फर्निचरच्या बाजारात विचारा, तिथं कुणीतरी नंबर देतो. आणि तो भोकामागं जो भाव सांगेल तो द्या.